अर्ध्या गुणाचा सौदा

गेल्या महिन्यात छत्तीसगडमधल्या भिलाईजवळच्या रिसालीत मुलांची बुद्धिबळ स्पर्धा झाली. शनिवार-रविवार, सहा फेऱ्या, एका सभागृहात ओळीनं मांडलेली टेबलं. शेवटच्या फेरीत पहिल्या पटावर साडेचार-साडेचार गुणांचे दोन मुलगे समोरासमोर आले. पंचांनी पालकांना बाहेर काढलं आणि घड्याळं सुरू करायला सांगितलं. मी खिडकीशी उभा होतो. दहा चाली झाल्या, एकानं दुसऱ्याकडं पाहिलं, दोघांनी हात मिळवले आणि राजे पटाच्या मध्यावर आणून ठेवले. सगळं मिळून सात मिनिटं. बाहेर आईनं विचारलं, तर उत्तर तयार होतं, “ड्रॉ केला. दोघांचाही नंबर पक्का.”

दुसऱ्या पटावर आमच्या शेजारची नववीतली मुलगी होती. शनिवारी सकाळी ती पहिलाच डाव हरली होती. रडली, डबा खाल्ला, परत बसली आणि सलग चार डाव जिंकून चार गुणांवर आली. हा डाव ती पावणेदोन तास खेळली. शेवटी दोघांकडं एकेक हत्ती आणि तिच्याकडं एक प्यादं जास्त. समोरच्यानं दोनदा बरोबरी विचारली, तिनं दोनदा मान हलवली. राजा एकेक घर पुढं सरकवत तिनं ते प्यादं आठव्या घरापर्यंत नेलं आणि वजीर केला. चाली लिहायचा तिचा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. पहिल्या पटावरच्या कागदांवर दहा ओळी होत्या, खाली सगळं कोरं.

मग गुणतक्ता लागला. तिघांचेही पाच-पाच. अशा वेळी बुकोल्झ नावाची बेरीज करतात, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांनी स्पर्धेत किती गुण मिळवले ते मोजतात. पहिल्याच फेरीत हरल्यामुळं सुरुवातीला तिच्या वाट्याला खालच्या पटांवरची मुलं आली होती, तिची बेरीज कमी भरली, ती तिसरी. तिच्या वडिलांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “भाऊ, पोरीनं लागोपाठ पाच गेम जिंकले. ते दोघं शेवटचा गेम खेळलेच नाहीत. मग ही तिसरी कशी?”

त्यांचा प्रश्न बरोबर आहे. पहिल्या पटावर डाव खेळला गेला असता आणि कुणीही जिंकलं असतं, तर जिंकणारा साडेपाचवर गेला असता, हरणारा साडेचारवर राहिला असता आणि ही मुलगी दुसरी आली असती. तीन तास लढून तो डाव बरोबरीत सुटला असता, तरी ती तिसरीच आली असती, पण मग तक्रारीला जागा नव्हती. कारण तिला मागं ठेवणाऱ्यांनी आपल्या जागेची किंमत मोजली असती.

त्या दोन मुलांवर माझा राग नाही. नियमात बसतं ते त्यांनी केलं, मोठ्यांनी शिकवलं ते केलं. माझं भांडण नियमाशी आहे, आणि तो नियम रिसालीच्या सभागृहापासून जागतिक विजेतेपदाच्या मंचापर्यंत सारखाच पोसला जातोय.

कुस्तीच्या मैदानात वाढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. दोन पैलवान अर्धा तास झुंजले, कुणीच चितपट होईना, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि मैदान दोघांनाही टाळ्या देतं. पण आधी ठरवून लावलेली कुस्ती लोक दुसऱ्या मिनिटाला ओळखतात. तिला नुरा कुस्ती म्हणतात आणि तिच्यावर ओरडतात. बुद्धिबळात मात्र दोन्हींच्या पुढं तक्त्यात एकच खूण पडते, अर्धा गुण. खरी बरोबरी आणि नुरा बरोबरी एकाच भावानं विकली जाते, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

बरोबरी हा खेळाचा दोष नाही, हे आधी स्पष्ट करतो. दोघांनी चूक केली नाही, तर बुद्धिबळाचा डाव बहुतेक बरोबरीतच सुटतो. वजीर देऊन राजाची कोंडी करून घेणारा खेळाडू, हरलेला डाव हत्तीच्या शहांवर शहा देत वाचवणारा खेळाडू, यांची बरोबरी विजयाइतकीच मोलाची असते. बरोबरीवर बंदी घाला म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. विजेतेपदाचा सामना बरोबरीत अडकला, तर निकाल कशावर लावायचा? आणि तो ज्यावर लावतो, तो न्याय आहे का?

याचं जवळचं उदाहरण आमच्यापासून गाडीनं चार तासांवर आहे. नागपूर.

२०२५ साली नागपूरच्या वाट्याला दोन मोठी विजेतेपदं आली आणि दोन्ही बरोबरीतून आली. २ मार्चला जामठ्याच्या मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि विदर्भ विजेता ठरला. २८ जुलैला जॉर्जियातल्या बातुमीत नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. तिथंही आधीचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले होते. एकाच शहराच्या दोन करंडकांत पाच महिन्यांचं अंतर आहे, आणि बरोबरीतून निकाल काढायच्या दोन अगदी निराळ्या रीती आहेत.

आधी बातुमी. दिव्या तेव्हा १९ वर्षांची, मानांकन पंधरावं. चीनची झू जिनेर, मग द्रोणावल्ली हरिका, मग माजी जगज्जेती तान झोंगयी, अशा एकेक भिंती तिनं पाडल्या. तानविरुद्धचा उपांत्य फेरीतला दुसरा डाव १०१ चाली चालला आणि तो तिनं जिंकला. अंतिम फेरीत समोर ३८ वर्षांची कोनेरू हम्पी. दोघी भारतीय, दोघींच्या वयात अख्ख्या पिढीचं अंतर. पहिल्या डावात दिव्याला वरचढ स्थिती मिळाली होती, पण डाव निसटला. दुसराही बरोबरीत. मुख्य डाव एवढेच, दोन. तिसऱ्या दिवशी जलद डावांचा टायब्रेकर, सुरुवातीला प्रत्येकीच्या घड्याळात १५ मिनिटं. पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्यात वेळेच्या कोंडीत हम्पीकडून चूक झाली आणि काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या दिव्यानं तो जिंकला. दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली. किताबासाठी लागणारा एकही ग्रँडमास्टर नॉर्म हातात नसलेली मुलगी विश्वचषकासोबत थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी.

त्या संध्याकाळी रिसालीतल्या मराठी घरांतून फोन फिरत होते. छत्तीसगड आणि नागपूर यांचं नातं जुनं आहे. १९५६ पर्यंत आमची राजधानीच नागपूर होती. आजही इथल्या कितीतरी मराठी घरांतल्या लेकी तिकडं दिलेल्या आहेत आणि सुना तिकडून आणलेल्या आहेत. दिव्याच्या यशात एक कणही कमी नाही. नियम समोर होता, तो दोघींना सारखा होता, ती त्यात जिंकली.

पण नियम तोकडा होता. दोन मुख्य डाव म्हणजे एकदा पांढरी मोहरी, एकदा काळी, संपलं. दोघीही पहिल्या डावात एकमेकींचा अंदाज घेतात, दुसऱ्यात हरायचं नाही म्हणून जपून खेळतात आणि टायब्रेकर येतो. इतक्या ताकदीच्या दोन खेळाडूंना समोरासमोर बसवून त्यांच्याकडून तिसरा आणि चौथा डाव मागायचाच नाही, हा त्या दोघींवर अन्याय आहे आणि बघणाऱ्यावरही. खुल्या गटाच्या विश्वचषकात २०१९ पर्यंत अंतिम सामना चार डावांचा असे. २०२१ पासून तो दोन डावांचा झाला.

परिणाम बघा. २०२३ साली बाकूमध्ये खुल्या आणि महिला, दोन्ही गटांचे अंतिम सामने टायब्रेकरवर गेले. २०२५ मध्ये बातुमीचा गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विश्वचषक आपल्या गोव्यात, हडफड्याला झाला. जवळजवळ चार आठवडे चाललेली स्पर्धा, २०६ खेळाडू, विश्वनाथन आनंदच्या नावाचा करंडक. अंतिम फेरीत उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव आणि चीनचा वेई यी. पहिला डाव बरोबरी, दुसरा डाव बरोबरी, निकाल जलद डावांत. २०२३ आणि २०२५ मिळून चार अंतिम सामने आणि चारही टायब्रेकरवर. आता याला योगायोग म्हणता येत नाही. सामनाच असा आखला आहे की त्याचा शेवट टायब्रेकरपाशी व्हावा.

आता जामठा. विदर्भ पहिल्या डावात ३७९, केरळ ३४२. आघाडी ३७ धावांची. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातली आघाडी निर्णायक, हे मैदानावरच्या प्रत्येकाला पहिल्या चेंडूपासून ठाऊक होतं. ही आघाडी त्याच सामन्यात, त्याच चेंडूनं, त्याच खेळपट्टीवर मिळवलेली होती. पाच दिवसांचा सामना बरोबरीत सुटला म्हणून सहाव्या दिवशी वीस-वीस षटकं खेळवून रणजी करंडक दिला, असं कुणी सुचवलं तर नागपूरकर ते ऐकून घेतील का? बुद्धिबळात आपण नेमकं तेच करतो. करंडक लांब डावाचा, निकाल झटपट डावाचा.

जलद डाव हलका असतो, असं मला म्हणायचं नाही. त्यालाही मोठं कसब लागतं आणि त्याच्या वेगळ्या जागतिक स्पर्धा आहेत. हम्पीनं स्वतः २०१९ आणि २०२४ साली जलद प्रकाराचं जगज्जेतेपद मिळवलंय. पण ती वेगळी विद्या आहे. एका विद्येच्या परीक्षेचा निकाल दुसऱ्या विद्येच्या पेपरवर लावला, की पहिल्या परीक्षेतच गडबड सुरू होते.

ती गडबड जगानं २०१८ मध्ये लंडनला पाहिली. मॅग्नस कार्लसन विरुद्ध फाबियानो कारुआना, जगज्जेतेपदाचा सामना, बारा डाव. बाराच्या बारा बरोबरीत. जगज्जेतेपदाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. बाराव्या डावात कार्लसनची स्थिती चांगली होती, घड्याळात वेळही जास्त होता, तरी ३१ व्या चालीला त्यानं बरोबरी मागितली. जलद डावांत आपण सरस आहोत हे त्याला ठाऊक होतं. टायब्रेकर त्यानं ३-० असा जिंकला. तीन आठवडे चाललेल्या सामन्यात कारुआना एकही लांब डाव हरला नाही आणि तरी सामना हरला. कार्लसननं नियमाबाहेर काही केलं नाही. चांगली स्थिती सोडून देणंच त्याच्या फायद्याचं ठरेल, असा नियम आपण करून ठेवला होता.

पूर्वीचा नियम तरी न्यायाचा होता का? नव्हता. तेव्हा सामना बरोबरीत सुटला की जगज्जेता आपली गादी राखायचा. १९५१ साली डेव्हिड ब्रॉनस्टाइन मिखाईल बोटविन्निकच्या एक गुण पुढं होता आणि दोनच डाव उरले होते. तेविसावा डाव तो हरला, चोविसावा बरोबरीत सुटला. १२-१२. गादी बोटविन्निककडं राहिली आणि ब्रॉनस्टाइनला पुन्हा ती संधी मिळाली नाही. चोवीस डावांत जो कुठंच कमी पडला नाही, त्याला रिकाम्या हातानं घरी पाठवणारा तो नियम गेला, हे चांगलंच झालं.

तिसरी रीत होती सहा विजयांची. जो आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, बरोबरी मोजायचीच नाही. त्या रीतीचा शेवट मी घरात बसून पाहिला.

१९८४ साली मी सातवीत होतो. बाबा भिलाई स्टील प्लांटमध्ये. सोव्हिएत मदतीनं उभा राहिलेला कारखाना, रशियन तंत्रज्ञ या गावात राहिलेले, मैत्रीबाग घरापासून सायकलच्या अंतरावर. त्यामुळं मॉस्कोत अनातोली कार्पोव्ह आणि गॅरी कास्पारोव्ह खेळायला बसले, तेव्हा आमच्या क्वार्टरच्या ओळीत ती आपल्या माणसांची लढत होती. नागपूरचं मराठी वर्तमानपत्र दुपारी यायचं. बाबा सेकंड शिफ्टला निघायच्या आधी त्यातली बातमी वाचायचे. आमच्या पटावरचा एक काळा हत्ती हरवला होता, त्याच्या जागी कारखान्यातला एक नट ठेवलेला असे.

कार्पोव्हनं पहिल्या नऊ डावांत चार जिंकले. मग लागोपाठ १७ डाव बरोबरीत. बातमी तीन ओळींची झाली, मग दोन ओळींची. बाबांनी पट खाटेखाली सारला. कार्पोव्हनं पाचवा विजय मिळवला, आता एकच हवा होता. तेवढ्यात बत्तिसावा डाव कास्पारोव्हनं जिंकला आणि पट बाहेर आला. पुन्हा १४ बरोबरी, पट पुन्हा आत. आणि मग ४७ वा डाव कास्पारोव्हनं जिंकला, पाठोपाठ ४८ वाही. ५-३. २१ वर्षांचा पोरगा मेलेल्या सामन्यातून उठून उभा राहिला होता. शिफ्टवरून सुटलेली माणसं सायकल दाराला टेकवून आमच्या ओट्यावर बसायला लागली. पुढच्या डावाची वाट बघायला लागली.

पुढचा डाव झालाच नाही. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे अध्यक्ष फ्लोरेन्सियो कंपोमानेस यांनी सामना निकालाविना संपवल्याचं जाहीर केलं. पाच महिने, ४८ डाव, ४० बरोबरी, विजेता नाही. सप्टेंबरमध्ये नवा सामना शून्यापासून, २४ डावांचा. तो कास्पारोव्ह जिंकला, जगज्जेता झाला. पण त्या फेब्रुवारीतल्या संध्याकाळी बाबांनी पट आवरताना एवढंच म्हटलं होतं, “निकाल लागू द्यायचा होता.”

लोकांचा रस कशानं जातो, याचं उत्तर मला त्या ओट्यावर मिळालं. चाळीस बरोबऱ्यांनी ती माणसं कंटाळली, हे खरं. पण कुणी लढतंय असं दिसताक्षणी ती सगळी परत आली. त्यांचा रस कायमचा घालवला तो निकाल मधेच तोडणाऱ्यांनी. प्रेक्षक बरोबरी सहन करतो. डाव न खेळणं आणि निकाल न लावणं तो सहन करत नाही.

म्हणूनच ३१ डिसेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये जे झालं ते मला फार लागलं. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कार्लसन आणि इयान नेपोम्नियाची यांचे दोन-दोन विजय झाले, पुढचे तीन डाव बरोबरीत सुटले आणि मग दोघांनी विजेतेपद वाटून घ्यायचं ठरवलं. फिडेनं जागच्या जागी मान्यता दिली. तीन-तीन मिनिटांचे डाव होते. रात्रभर खेळले असते तरी उजाडायच्या आत निकाल लागला असता. जगातले दोन मोठे खेळाडू मंचावर असं करतात, तेव्हा रिसालीतले दोन मुलगे दहाव्या चालीला हात मिळवतात यात नवल काय? मुलं वरच्यांकडं बघूनच शिकतात.

वरच्यांकडं बघून चांगलंही शिकता येतं. त्याच डिसेंबरात, १२ तारखेला, सिंगापूरला डी. गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चौदावा डाव चालू होता. गुण ६.५-६.५. त्या सामन्यातल्या चौदांपैकी नऊ डाव बरोबरीत सुटले, हे आज कुणाच्या लक्षात तरी आहे का? लक्षात राहिला तो चौदावा. पट जवळजवळ रिकामा, सगळे जाणकार म्हणत होते की हाही बरोबरीत जाणार आणि उद्या टायब्रेकर. गुकेशकडं एकच प्यादं जास्त होतं. तो खेळत राहिला. ५५ व्या चालीला डिंगनं हत्ती चुकीच्या घरात नेला, तीन चालींनी डाव संपला आणि १८ वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. हात पुढं करायचा नाही, अजून एक चाल खेळायची, यातून तो मुकुट आला. आमच्या शेजारच्या मुलीनं रिसालीत दोनदा मान हलवली, तेव्हा ती त्याच रस्त्यावर होती.

आता उपाय. काही जण म्हणतात, प्रत्येक बरोबरीनंतर लगेच कमी वेळाचा डाव खेळवा आणि रोज निकाल लावा. माजी विश्वविजेता रुस्तम कासिमजानोव्ह यानं २०११ साली उघड पत्र लिहून हेच मागितलं होतं. नॉर्वेतल्या स्पर्धेत बरोबरीनंतर आर्मागेडन डाव होतो. त्यात पांढऱ्याला वेळ जास्त असतो आणि डाव बरोबरीत सुटला तर काळा जिंकतो. एखाद्या निमंत्रितांच्या स्पर्धेला ते शोभतं. विजेतेपदाला शोभत नाही, कारण पाच तास लढून मिळवलेल्या बरोबरीची किंमत त्यात काही मिनिटांवर येते.

दुसरे म्हणतात, ठरावीक चालींआधी बरोबरी मागायला बंदी करा. २०१८ च्या सामन्यात ३० चालींची अट होती, पुढं ती ४० झाली. ही अट हवीच. पण ठरवून बसलेले दोघं त्याच त्याच चाली तीनदा खेळून तिच्यातूनही निसटतात. एकट्या तिच्यानं भागणार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. विश्वचषकाचा अंतिम सामना किमान चार लांब डावांचा करा. आणि टायब्रेकर सामन्याच्या शेवटी ठेवू नका, आधी खेळवा. पहिल्या दिवशी जलद डाव होऊ द्या. त्यात जो जिंकेल, त्याच्याकडं बरोबरीचा फायदा. मग लांब डाव सुरू. ही सूचना माझी नाही, बुद्धिबळाच्या जगात ती अनेक वर्षं मांडली जातेय. पण जामठ्याची रीत बघितलेल्या माणसाला ती लगेच पटते. कोण पुढं, कोण मागं, हे सगळ्यांना आधीपासून माहीत. जो मागं आहे त्याला लांब डाव जिंकावाच लागेल. कुणालाही टायब्रेकरची वाट बघत बसता येणार नाही, कारण तो होऊन गेलेला असेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जामठ्यालाही आघाडी मिळाल्यावर विदर्भानं शेवटच्या दिवशी फलंदाजीच केली, नऊ बाद ३७५ पर्यंत, आणि सामन्यातला जीव गेला. खरं आहे. पण क्रिकेटमध्ये फलंदाजी करणाऱ्याच्या हातात वेळ असतो, समोरच्याला बॅटच मिळत नाही. बुद्धिबळात एक चाल तुमची, एक माझी. मागं असलेल्याला दर दुसरी चाल मिळते आणि तो हल्ला करू शकतो. हल्ला केला की त्याच्या राजाभोवतीही वाटा उघडतात. डाव जिवंत राहतो.

खर्च वाढेल, दिवस वाढतील, हेही ऐकू येतं. चार आठवड्यांच्या स्पर्धेला आणखी दोन दिवस. २०६ खेळाडूंना गोव्यात आणणाऱ्यांना अंतिम दोघांसाठी दोन दिवस काढता येत नसतील, तर ती स्पर्धा नेमकी कशासाठी भरवली, हे त्यांनी सांगावं.

फिडेपर्यंत रिसालीचा आवाज जायला वेळ लागेल. पण इथल्या सभागृहातला नियम इथल्याच माणसांच्या हातात आहे. रिसाली, भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, पलीकडं गोंदिया, भंडारा, नागपूर, जिथं जिथं मुलांच्या स्पर्धा होतात, तिथल्या आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे. प्रवेशपत्रिकेवर तीन ओळी छापा. तीस चालींआधी बरोबरी मागता येणार नाही. तीच ती चाल खेळून तीस चालींआधी डाव थांबवला, तर पंच दोघांना पुन्हा खेळायला बसवतील. आणि पहिल्या तीन क्रमांकांसाठी गुण सारखे झाले, तर कागदावरची बेरीज न करता मुलांना पटावर बसवू. तीन मुलं, तीन डाव, दहा-दहा मिनिटं. तासाभराचं काम आहे. लांब डावाला वेळ उरलेला नसताना मुलांना स्वतःचा क्रमांक स्वतः खेळून मिळवू देणं, एवढं तरी त्या तासात होतं. बक्षीस समारंभ तासभर उशिरा झाला तर पाहुणे थांबतील.

पालकांनाही एक सांगणं. मूल दहाव्या चालीला अर्धा गुण घेऊन बाहेर आलं, तर त्याची पाठ थोपटू नका. त्याला विचारा, तुझा चालींचा कागद दाखव. कोरा असेल तर शांतपणे सांगा की पुढच्या वेळी भरून आण.

आमच्या शेजारच्या मुलीनं तिचा कागद जपून ठेवलाय. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत, दोन्ही बाजूंनी भरलेला. गुणतक्त्यात ती तिसरी आहे. त्या रविवारी शेवटच्या फेरीत पहिल्या दोन पटांवर एकच डाव खेळला गेला, आणि तो तिनं जिंकला.